साडेतीनशे रुपयांचा रस्सा



मागच्या महिन्यात पॅकिंग मशिनरीचं एक प्रदर्शन बघायला पुण्याला गेलो होतो. सोबत आमच्या बॅचमधला शेलूबाजारचा एक पोरगा होता. वय २४. गावात उगाच चर्चा नको म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही. चॅनेल नियमित बघणाऱ्यांनी त्याला ओळखलंच असेल, तरी गप्प बसा.

याच्या बॅगेत छापून आणलेलं एक मेन्यू कार्ड होतं. हॉटेल अजून सुरू नाही, गाळ्याचा करार नाही, पण मेन्यू कार्ड तयार, तेही लॅमिनेशन करून. मी मोजले, ७४ पदार्थ. पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन आणि शेवटच्या पानावर सिझलर. गाळा पाहून ठेवलेला, चौफुलीपासून जवळ, भाडं महिन्याला ९ हजार. घरचे ४ लाख आणि बँकेचे ६ लाख असा एकूण १० लाखांचा बेत. घरचे ४ लाख म्हणजे काय, तर दोन वर्षांच्या सोयाबीन आणि तुरीतून त्याच्या बाबांनी बाजूला काढलेले बहिणीच्या लग्नाचे पैसे.

हे शेवटचं त्यानं मला रेल्वेत दौंड गेल्यावर सांगितलं. तोपर्यंत मी त्या मेन्यू कार्डावर हसत होतो. मग हसू बंद झालं.

कारण मित्रांनो, हे मी स्वतः केलेलं आहे. ट्रेनर होण्याआधी माझं फॅमिली रेस्टॉरंट होतं, हे मी एका व्हिडिओत सांगितलंय. काय मेन्यू होता ते सांगितलं नव्हतं. आमचे पदार्थ १०० च्या वर होते. १४ महिन्यांत शटर खाली आलं. त्या काळातला डीप फ्रीजर अजून आमच्या गोडाऊनमध्ये आहे, त्यात आता बायको गहू ठेवते.

तर पुण्यात प्रदर्शन बघून पाय दुखायला लागले, दोघांनाही कडकडून भूक लागलेली. थाळी शोधत फिरत होतो आणि एका गल्लीत एक छोटं व्हिएतनामी दुकान दिसलं. सात टेबलं. प्लॅस्टिकची स्टुलं. काचेच्या पलीकडे एक मोठं पातेलं आणि त्यातून निघणारी वाफ. वास ओळखीचा वाटला म्हणून मी थांबलो. पोरगं म्हणालं, “सर, इथं तं बदामफूल टाकलं हाय कशात तरी.” बरोबर होतं त्याचं. आपण मटणाच्या नाहीतर पातोडीच्या रश्श्यात जे बदामफूल टाकतो, ज्याला काहीजण चक्रीफूल म्हणतात, त्याचाच तो वास होता.

आत गेलो. मेन्यू एका कागदावर, पदार्थ नऊ. त्यातही खरा माल एकच, फो. बाकी दोन प्रकारचे रोल, एक सँडविच, कॉफी वगैरे. फो म्हणजे व्हिएतनामचं नूडल सूप. उच्चार खरं तर ‘फा’ आणि ‘फो’च्या मधला आहे आणि शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर न्यायचा असतो. आपण आपलं फो म्हणू. त्याच्या घरात माळ, म्हणून त्यानं मशरूम-टोफूचा घेतला. मी चिकनचा. किंमत ३५० रुपये.

“साडेतीनशे? सर, एवढ्यात आपल्या इकडं चार जनं जेवतेत.”

मी म्हटलं, आधी घड्याळ लाव. ही माझी जुनी सवय आहे, कुठल्याही हॉटेलात बसलो की ऑर्डर ते टेबल किती वेळ लागतो ते बघायचं. चार मिनिटं लागली. चार मिनिटांत आमच्यासमोर दोन मोठे वाडगे, उतू जातील इतके भरलेले. सोबत एका ताटलीत लिंबाच्या फोडी, मोड आलेले मूग, तुळशीसारखी पानं, कापलेली लाल मिरची. एका हातात काड्या, दुसऱ्या हातात चमचा. पोरानं काड्या पाच मिनिटं धरून पाहिल्या आणि मग काटा मागितला. मीही मागितला, खोटं कशाला सांगू.

रस्सा पाण्यासारखा दिसत होता. तळाशी बुडालेल्या तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या वरून दिसतील इतका निवळ. पोरानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं: हे तं वरणाचं पाणी हाय. मग त्यानं एक चमचा तोंडात घातला आणि काही बोलला नाही. दुसरा घातला. भाजलेल्या कांद्याचा गोडवा, आल्याचा धूर, दालचिनी, लवंग आणि मागून हळूच येणारं बदामफूल. तिखट काहीच नाही. तिखट, आंबट तुम्ही तुमच्या हातानं टाकायचं. लिंबू पिळलं, मिरची टाकली, पानं हातानं तोडून टाकली आणि तेच सूप एकदम वेगळं लागायला लागलं. मग आजूबाजूचे लोक करत होते तसं आम्हीही भुरके मारायला सुरुवात केली. तिथं भुरक्याला कुणी नाव ठेवत नाही.

वाडगा संपल्यावर पोरगं म्हणालं, “पोट तं भरलं. पन जड नाही वाटून राह्यलं.”

मी म्हटलं, आता बसूया दहा मिनिटं आणि तो काचेमागचा माणूस काय करतोय ते बघूया.

एक माणूस, एक पातेलं

तुम्हीही कधी गेलात तर हे बघाच. ऑर्डर आली की तो माणूस तांदळाच्या पट्ट्या एका दांड्याच्या जाळीत टाकतो. जाळी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवतो, झटकतो, वाडग्यात पालथी करतो. वर शिजवून कापून ठेवलेलं चिकन किंवा मशरूम. वर बारीक चिरलेली कांद्याची पात. मग पातेल्यातला उकळता रस्सा. झालं. तो स्वयंपाक करत नाहीये, जोडणी करतोय. स्वयंपाक आदल्या रात्रीच झालाय.

गल्ल्यावरच्या ताईंशी बोललो. त्यांनी सांगितलं की रस्सा रात्री लावतात. चिकनचा वेगळा, शाकाहारीसाठी मुळा, गाजर, कोबी, मशरूम यांचा वेगळा. रोजचे वाडगे ठरलेले. रस्सा संपला की दारावर पाटी. मी विचारलं, गिऱ्हाईक परत जातं तेव्हा वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, “वाटतं ना. पण पाणी वाढवलं तर ते उद्यासुद्धा येणार नाही.”

या फोची पारंपरिक पद्धत काय आहे, तेही थोडं सांगतो, कारण यात आपल्या कामाच्या गोष्टी आहेत. हाडं आधी एकदा उकळून ते पहिलं पाणी फेकून देतात, मळी निघून जावी म्हणून. मग स्वच्छ पाण्यात कित्येक तास, अगदी मंद आचेवर. खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर रस्सा गढूळ होतो. कांदा आणि आलं थेट विस्तवावर काळं पडेपर्यंत भाजून टाकायचं. आता सांगा, आपल्याकडे आजी चुलीत कांदा भाजून रश्श्याला वाटण लावायची, ते वेगळं काय होतं? फरक एवढाच की आपण ते वाटून टाकतो आणि ते लोक अख्खं टाकून नंतर काढून घेतात. मसाले कोरडे भाजून घेतात. मीठ आणि माशाचा एक खारट द्रव, एवढ्यावर चव आणतात.

फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा. नाम दिन्ह प्रांत आणि हनोई शहर, काळ साधारण विसाव्या शतकाची सुरुवात. तेव्हा तिथं फ्रेंचांचं राज्य होतं. फ्रेंच लोकांमुळं गोमांसाची मागणी वाढली आणि हाडं स्वस्तात उरायला लागली, त्यातून हा पदार्थ वाढला असं सांगतात. ‘फो’ हा शब्द फ्रेंचांकडून आला की चिन्यांकडून, यावर अजून वाद चालू आहे, तो त्यांचा त्यांना घालू द्या. आपल्याला कामाचं हे की त्या वेळी दुकानं फारशी नव्हती. विक्रेते कावड घेऊन फिरायचे. हो, आपल्या कावडीसारखीच कावड! एका बाजूला शेगडी आणि रश्श्याचं भांडं, दुसऱ्या बाजूला पट्ट्या, मांस, वाडगे. भांडवल म्हणजे खांदा. नाम दिन्हमधलं वान कू नावाचं एक गाव तर फो करणाऱ्यांसाठीच ओळखलं जातं. तिथली माणसं हनोईत गेली आणि त्यांनी हाच धंदा मांडला. आपल्याकडे नागपूरचं सावजी आठवा. हलबा कोष्टी समाजातल्या विणकर कुटुंबांच्या घरातला रस्सा पुढं भोजनालयात आला आणि आज सावजी हे नावच पुरतं.

१९३९ च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस मिळेना. काही विक्रेत्यांनी चिकनचा फो काढला. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली, पण तो टिकला. आज आपण पुण्यात जो खातो तो तोच. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा इथल्या दुकानाला गोमांसाचा फो विकता येत नाही. आणि शाकाहारी फो ही काही आपल्यासाठी केलेली तडजोड नाही बरं का. व्हिएतनाममधले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. म्हणजे आपल्या एकादशी-श्रावणासारखंच. त्या दिवसांसाठी तिथं शाकाहारी फो असतोच.

१९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाले. उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, सोबत फो आला. दक्षिणेच्या लोकांना गोड-आंबट आवडतं, हिरवी पानं आवडतात. मग त्या ताटलीत मूग, तुळस, लिंबू, सॉस असं वाढत गेलं. मूळ रस्सा तसाच ठेवून आवडीनिवडीचं खातं त्यांनी ताटलीकडं दिलं, हे मला फार आवडलं. १९७५ नंतर हीच माणसं निर्वासित होऊन अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला गेली. नेसत्या कपड्यानिशी गेलेल्यांपैकी कित्येकांनी तिथं फोचीच दुकानं टाकली. अमेरिकेतल्या अशा दुकानांच्या नावात ५४, ७५, ७९ असे आकडे दिसतात, त्यातले बरेच त्या कुटुंबांच्या आयुष्यातली वर्षं आहेत. कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘फो ७९’ला २०१९ मध्ये तिथला मानाचा जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला.

त्याच लाटेत अमेरिकेत आलेल्या डेव्हिड ट्रॅन या निर्वासितानं १९८० मध्ये लॉस एंजेलिसला हॉटेल काढलंच नाही. त्यानं फोच्या टेबलावर लागणारा मिरचीचा सॉस बनवून दुकानांना विकला. हिरव्या टोपणाची, कोंबड्याचं चित्र असलेली ती सिराचाची बाटली. खाण्याच्या धंद्यात यायचं म्हणजे हॉटेलच टाकायचं, असं मानणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

आणि एक उलटी गोष्ट. युद्धाच्या काळात, १९६० च्या दशकात, उत्तर व्हिएतनाममध्ये सरकारी दुकानांत फो मिळायचा. मांसाची टंचाई, मग फोमध्ये नुसता रस्सा आणि पट्ट्या. तेव्हा आकाशात अमेरिकेची बिनवैमानिकाची टेहळणी विमानं फिरायची. लोकांनी त्या फोला नाव ठेवलं, ‘बिनवैमानिकाचा फो’. ५०-६० वर्षं झाली तरी ते नाव पुसलं गेलेलं नाही. गिऱ्हाईक असंच लक्षात ठेवतं.

परतीच्या प्रवासातली वही

रात्रीच्या गाडीत झोप येईना. पोरानं वही काढली. म्हणाला, सर, ७४ वाल्याचा हिशोब करून पाहू. खाली जे आकडे देतोय ते त्याच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या गावाचे वेगळे असतील, ते तुम्ही टाका.

चायनीज कारागीर १८ हजार, पंजाबी कारागीर २० हजार, दोन पोरं मिळून १८ हजार, भाडं ९ हजार, फ्रीजसकट लाइट बिल ५ हजार. ६ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरलं तर हप्ता साधारण १३ हजार. बेरीज ८३ हजार. एका गिऱ्हाइकामागं कच्चा माल जाऊन ६० रुपये उरतील असं धरलं आणि महिन्याला २६ दिवस. म्हणजे रोज ५४ गिऱ्हाइकं आली तर तो ना नफा, ना तोटा. त्याचा स्वतःचा पगार त्यात शून्य. आणि यात फेकला जाणारा माल धरलेलाच नाही. ७४ पदार्थांसाठी पनीर, सिमला मिरची, मशरूम, बेबी कॉर्न, इडलीचं पीठ, सगळं रोज तयार हवं. शेलूबाजारला मंगळवारी दुपारी सिझलर कोण मागणार आहे? पण मेन्यूवर छापलंय म्हणजे माल ठेवावा लागणार. माझा डीप फ्रीजर याच कामाला होता.

मग मी विचारलं, तुझ्या घरात असं काय आहे जे रात्री लावून ठेवता येतं आणि सकाळी चार मिनिटांत देता येतं?

तो आधी म्हणाला चकोल्या. बरोबरच आहे, आपल्या घरातलं नूडल सूप म्हणजे चकोल्याच, कणकेची फळं वरणात. पण चकोल्या थांबत नाहीत, अर्ध्या तासात लगदा होतो. मग तो बराच वेळ गप्प बसला आणि बडनेरा यायच्या आधी म्हणाला, “सर, पातोडी. आईच्या हातची पातोडी रस्सा.”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: बेसन फोडणीत शिजवून, घट्ट गोळा थाळीला थापून त्याच्या वड्या पाडायच्या, त्या म्हणजे पातोड्या. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, बदामफूल यांच्या झणझणीत रश्श्यात त्या खायच्या. सोबत भाकर. मटण न खाणाऱ्या घरातलं मटणच समजा.

पातोडीचा हिशोब त्यानं असा मांडला. प्लेट ७० रुपये. बेसन ८, तेल ६, कांदा-खोबरं-मसाला ९, दोन भाकरी ६, कांदा-लिंबू ३, गॅस ३. एकूण ३५. उरले ३५. भाडं ९ हजार, एक मदतनीस १० हजार, लाइट-पाणी २ हजार, किरकोळ ३ हजार, म्हणजे २४ हजार. रोज २७ प्लेटवर खर्च निघतो. स्वतःला १५ हजार पगार धरला तर रोज ४३ प्लेट. कर्ज नाही.

वही मिटली तेव्हा उजाडत होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की हे कागदावर आहे. बहिणीच्या लग्नाच्या पैशाला हात लावायच्या आधी एक रुपयाचं भाडं न देता विकून दाखव.

चार बाजार

शेलूबाजार ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. मंगरूळपीर तालुक्यातलं हे रस्त्यावरचं गाव. कारंजा-मालेगावचा जुना रस्ता आणि अकोला-मंगरूळपीरचा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. आमच्याकडे उतरायची-चढायची जागा आहे. पण समृद्धीवरचा माणूस १२० च्या वेगानं जातो, त्याला गावातलं हॉटेल दिसत नाही. तो उतरला तर अकोल्याला नाहीतर मंगरूळपीरला जायचं म्हणूनच उतरतो. पोराच्या ७४ पदार्थांचा सगळा भरवसा त्या गाड्यांवर होता. मी म्हटलं, रोजचं गिऱ्हाईक मोज: बाजाराला आलेला शेतकरी, एसटीची वाट पाहणारे, कॉलेजची पोरं, अडत्याकडचे हमाल.

त्याच्या चुलत्याची चौफुलीजवळ चहा-नाश्त्याची टपरी आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते तीन तिचा एक कोपरा मागून घेतला. (एफएसएसएआयच्या नोंदणीचं आधी बघा. ट्रायल असली तरी विक्री ती विक्रीच.)

पहिल्या बाजाराला ४० प्लेटचं साहित्य केलं, २३ गेल्या. चूक कुठं झाली? आईनं घरच्यासारख्या पातोड्या पातेल्यात सोडून ठेवल्या. तासाभरात त्या फुगल्या, कडा सुटल्या, बेसनानं रस्सा पिऊन टाकला. बारा वाजता जे गिऱ्हाईक आलं त्याला पिठलं मिळालं. पोरानं मला फोन केला, आवाज रडवेला. मी विचारलं, पुण्यात त्या माणसानं पट्ट्या रश्श्यात केव्हा टाकल्या होत्या? तिकडून काही वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “गिऱ्हाईक बसल्यावर.”

हीच ती गोष्ट आहे, मित्रांनो, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. फोवाला रस्सा आणि पट्ट्या यांची भेट शेवटच्या मिनिटाला घालून देतो. तांदळाची पट्टी रश्श्यात पडून राहिली की फुगते, तुटते, रस्सा गढूळ होतो. म्हणून जे थांबू शकतं ते रात्री करायचं आणि जे थांबू शकत नाही ते वाडग्यातच. मिसळवाला फरसाण वरून का टाकतो? तेच कारण. तुमचा पदार्थ कुठलाही असो, एका कागदावर दोन रकाने करा आणि त्याचा प्रत्येक घटक कुठल्या रकान्यात जातो ते लिहा. घरी चार माणसांना वाढताना हा विचार लागत नाही, कारण सगळे एकदमच जेवायला बसतात. दुकानात गिऱ्हाईक दहापासून तीनपर्यंत सुटं सुटं येतं.

दुसऱ्या बाजाराला पातोड्या ओल्या फडक्याखाली थाळीत, रस्सा वेगळा. प्लेटमध्ये चार पातोड्या, वर उकळता रस्सा, कोथिंबीर. बाजूला एका वाटीत लिंबू, कांदा आणि मिरचीचा ठेचा. तिखट कमी ठेवलं, ठेचा ज्याचा त्यानं घ्यावा. ही ताटलीची युक्ती पुण्याचीच. ३१ प्लेट गेल्या. शाळेतल्या एक मॅडम डबा घेऊन आल्या आणि चार प्लेट घरी घेऊन गेल्या. पातोड्या वेगळ्या बांधून दिल्या होत्या, हे सांगायला नकोच.

तिसऱ्या बाजाराला रस्सा लागला. भाकरीच्या घाईत आच मोठी राहिली, खोबऱ्याचं वाटण तळाला बसलं आणि करपलं. करपलेला रस्सा पाणी घालून सुधारत नाही. त्यानं अख्खं पातेलं ओतून दिलं, मला न विचारता. चुलता ओरडला, “अरे, गावातल्या लोकाइले काय कळते?” पोरगं म्हणालं, “मले कळते ना.” दुसरा रस्सा होईपर्यंत दीड वाजला. त्या दिवशी १२ प्लेट आणि पदरचे साडेसहाशे रुपये गेले. मी त्याला काही शिकवलं नाही त्या दिवशी. फक्त ‘बिनवैमानिक’ एवढा एक शब्द मेसेज केला. त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं.

एक तांत्रिक गोष्ट इथंच सांगून टाकतो. रस्सा विक्रीच्या वेळात ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिला पाहिजे, कोमट ठेवून वरचेवर गरम करणं धोक्याचं. आणि उरलेला रस्सा रात्रभर पातेल्यात तसाच झाकून ठेवू नका. उन्हाळ्यात तर नाहीच, आपल्या वाशिम-अकोल्याचा मे महिना काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. संपेल एवढाच करा. हनोईच्या बात दान रस्त्यावर एक जुनं फोचं दुकान आहे. तिथं लोक रांगेत उभे राहतात, आधी पैसे देतात आणि आपला वाडगा आपण उचलून टेबलावर नेतात. २०२३ मध्ये मिशेलिन गाईड पहिल्यांदा हनोईत गेलं तेव्हा परवडणाऱ्या चांगल्या जागांच्या यादीत त्याचंही नाव आलं. वेटर नाही, पंखा कसाबसा, रांग मात्र रोज.

चौथ्या बाजाराला ४४ प्लेट केल्या. अडीचला संपल्या. पाटी लावायची त्याची छाती होईना. पाच-सहा जण परत गेले, त्यातल्या दोघांनी पुढच्या बाजाराला लवकर येतो म्हणून सांगितलं. एका हमालानं मात्र सरळ सुनावलं, की सत्तर रुपयांत चारच पातोड्या परवडत नाही, आम्हाला भाकर तिसरी पाहिजे. त्याचं म्हणणं खोटं नाही. दिवसभर पोती उचलणाऱ्याला दोन भाकरी पुरत नाहीत. तिसरी भाकर दिली तर त्या प्लेटवर तीन रुपये कमी उरतात. यावर आम्ही दोघं दोन दिवस भांडतोय. माझं मत, भाकर वेगळी पाच रुपयांना लावावी. त्याचं मत, हमालाकडून घेऊ नये.

त्याच दिवशी दोन वाजता त्याचे बाबा आले. तोपर्यंत ते टपरीकडं फिरकले नव्हते. बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली, बाहेरच्या गिऱ्हाइकासारखं जेवले. रस्सा एकदा मागून घेतला. मग खिशातून ७० रुपये काढून चुलत्याच्या गल्ल्यात टाकले. पोरगं म्हणालं, “बाबा, काऊन देता?” ते म्हणाले, “जमा होतेत काय ते पाहू दे मले.”

लॅमिनेशन केलेलं मेन्यू कार्ड सध्या भाकरी झाकायला वापरतात. कर्जाचा फॉर्म भरलेला आहे, दिलेला नाही. गाळ्याच्या मालकाला महिनाभर थांबायला सांगितलंय. पुढच्या बाजाराला ६० प्लेटचा रस्सा लावायचा ठरलंय, म्हणजे पहाटे तीनला चूल पेटणार. तेव्हा आचेपाशी कोणी बसायचं, आईनं की पोरानं, यावर घरात अजून एकमत नाही.